डाव्या हाताचा आवाज

जैनुद्दीन तारकर या माणसाला तुम्ही अठरापैकी सतरा गुण दिलेत. वर हिरवा शिक्का मारलात: ‘सौम्य. बारा महिन्यांनी पुन्हा यावे.’ मानेतला मज्जारज्जू दबून दबून चपटा झालेल्या माणसाला तुम्ही पास केलंत आणि घरी पाठवलंत. कुणाच्या सहीनं? सही नाहीच. सही करायला तुमच्याकडं माणूसच ठेवलेला नाही. राज्यातल्या प्रत्येक मोठ्या ऑपरेशनला परवानगी द्यायची की नाही हे तुमचं निर्णययंत्र ठरवतं, आणि तुम्ही थंडगार खोलीत बसून सांगता की यंत्र पक्षपात करत नाही. खरं आहे. दगडसुद्धा पक्षपात करत नाही.

आता ऐका. पहिल्यापासून ऐका, आणि मधे बोलू नका.

मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीत जैनूचाचांचं दुकान. वय बासष्ट. पंचेचाळीस वर्षं तंबोरे केले. तंबोरा सुरात लावणं आता कुणालाही जमतं, मोबाइल लावून देतो. पण तंबोरा बोलला पाहिजे. भोपळ्यावर उंटाच्या हाडाची एक पट्टी असते, तिच्यावर तारा टेकतात. ती घोडी. तिचा माथा सपाट दिसतो, पण तो किंचित उतरता घासलेला असतो, केसाच्या दहाव्या हिश्शाइतका. त्या उतारावर तार टेकत, सुटत थरथरते आणि एका स्वराच्या पोटातून दहा स्वर बाहेर पडतात. त्याला म्हणतात जवारी. उतार जमला तर जवारी उघडी, चुकला तर बंद. हा उतार मोजायचं यंत्र नाही. उजव्या हातात कानस धरायची, डाव्या हाताची तर्जनी हाडावरून फिरवायची, आणि बोट म्हणेल तिथं थांबायचं. चाचांचं डावं बोट धारवाडपासून ग्वाल्हेरपर्यंत गाणाऱ्यांना ठाऊक होतं.

तर गेल्या वर्षी पावसाळ्याआधी धारवाडच्या गायिका इंदुमती शिरहट्टी स्वतः तंबोरा घेऊन दुकानात आल्या.

“चाचा, सुरात आहे हो. पण गप्प बसलाय. सासरी आलेल्या नव्या सुनेसारखा. विचारलं तेवढंच बोलतो.”

“हाड खराब लागलं असणार बाई. आजकाल उंटसुद्धा भेसळीचे निघायलेत.”

“मागच्या खेपेला हवा खराब होती.”

“तीही होतीच की.”

या गल्लीत एक रीत आहे. तंबोरा परत आला की आधी हाडाला शिव्या, मग हवेला, मग गाणाऱ्याच्या गळ्याला. कारागिराच्या हाताला कुणी काही बोलत नाही, कारण उद्या आपल्या हाताची पाळी. या सभ्यपणापायी चाचांचं अर्धं वर्ष गेलं. अकरा घोड्या त्यांनी घासून घासून टोपलीत टाकल्या. हाडं देणाऱ्याशी भांडण काढलं, त्याच्याकडून माल घेणं बंद केलं. तो बिचारा तीस वर्षांचा दोस्त होता.

चाचांची लेक शमा दुकानातच नक्षीकाम करायची. तिचं लक्ष हाडाकडं नव्हतं, बापाच्या पायाकडं होतं. एके सकाळी चाचा चहाला निघाले आणि डाव्या पायातली चप्पल रस्त्यात गळून पडली. ते तसेच पुढं. दहा पावलं एक पाय अनवाणी, आणि माणसाला पत्ता नाही. चहावाला ओरडला, “चाचा, चप्पल इथं राहिली, तुम्ही कुठं निघालाय?”

“येईल मागनं,” चाचा म्हणाले.

सगळे हसले. शमा हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं बापाला डॉक्टर सुनेत्रा मगदूम यांच्यासमोर नेऊन बसवलं.

मगदूम बाई मणक्यांच्या सर्जन. बोलायला फटकळ, हाताला हलक्या. त्यांनी चाचांना मुठी उघड-मीट करायला सांगितल्या, जमेल तितक्या भराभर. दहा सेकंदांत वीस व्हायला हव्यात, झाल्या अकरा. मग त्यांनी चाचांचं मधलं बोट सैल धरून नखाला टिचकी मारली. टिचकी मधल्या बोटाला, आणि उडाला अंगठा.

“अरेच्चा! तार छेडली एक आणि झणकारली दुसरीच?”

“मेंदूकडून खाली जो लगाम यायचा, तो पोचत नाहीये, चाचा. म्हणून हात स्वतःच्या मनानं उड्या मारतोय. मान दुखते?”

“अजिबात नाही.”

“तिथंच तर घात झाला. दुखली असती तर सहा महिने आधी आला असता.”

त्यांनी पडद्यावर मानेचं चित्र लावलं. मणके एकावर एक रचलेले, आणि प्रत्येकाच्या मागच्या बाजूला हाडाची एक कमान. त्या कमानींचा मिळून बोगदा होतो आणि बोगद्यातून मज्जारज्जू खाली उतरतो, करंगळीएवढा जाड. हाताला काय लागलं ते मेंदूला सांगणारे आणि मेंदूचा हुकूम हातापायांकडं नेणारे सगळे धागे त्यातच. वय होतं तसे मणक्यांना हाडाचे काटे फुटतात, आतले बंध जाड होतात आणि बोगदा अरुंद होतो. चाचांचा वरच्या मानेत, तिसऱ्या-चौथ्या मणक्यापाशी, इतका अरुंद झाला होता की चित्रात रज्जूची गोलाई जाऊन नुसती पट्टी उरली होती. पंचेचाळीस वर्षं मान खाली घालून घोड्या घासल्या, त्याचाही त्यात वाटा असेल, नसेल. बाई म्हणाल्या, ते सांगता येत नाही.

“म्हणजे दोष हाडाचाच निघाला,” चाचा खूश होऊन शमाकडं बघत म्हणाले.

“हाडाचाच. पण उंटाच्या नाही,” बाई म्हणाल्या. “हा दाब काढायला लागतो. जेवढा उशीर तेवढे धागे कायमचे मरतात. मेलेले मी परत आणू शकत नाही. परवानगीसाठी तुमचं नाव पाठवते.”

मग तुमची चाचणी आली. आणि इथं चाचांनी जो घोळ घातला तो त्या गल्लीतलाच माणूस घालू जाणे.

चाचणीत काय असतं त्याची यादी तुम्ही आठ दिवस आधी मोबाइलवर पाठवता. शर्टाची बटणं लावणे. टेबलावरची नाणी उचलणे. नाव लिहिणे. रेषेवरून चालणे. आता ज्याच्या सात पिढ्या गवयांच्या संगतीत गेल्या, त्याला आठ दिवस आधी कार्यक्रमाची यादी दिली तर तो काय करेल? रियाज करेल! चाचांनी पहाटे उठून बटणांचा रियाज केला. दुपारी नाण्यांचा. संध्याकाळी अंगणात खडूची रेघ मारून चालण्याचा. त्यांची बायको खैरुन वैतागली.

“नवरदेव झालाय का? दिवसभर शर्ट घालतोय अन् काढतोय!”

“अगं परीक्षा आहे. लोक काय म्हणतील, तारकरला बटण लावता येत नाही?”

बोटांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी डोळ्यांना शिकवलं. प्रत्येक बटणाकडं टक लावून बघायचं, बटण काजात शिरलं की नाही ते नजरेनं तपासायचं. आठ दिवसांत डोळे तरबेज झाले. तुमच्या यंत्रानं सेकंद मोजले. माणसाचे डोळे कुठं होते ते नाही बघितलं. दिले सतरा.

चाचांनी गल्लीत पेढे वाटले. “शाळेत कधी एवढे मिळाले नव्हते,” असं म्हणत हाडवाल्या दोस्ताच्या घरी जाऊन त्यालाही पेढा भरवला आणि भांडण मिटवलं. तेवढं एक काम तुमच्या हातून चांगलं झालं, हे मान्य.

शमानं पेढा खाल्ला नाही. सगळे गेल्यावर तिनं टोपलीतून दोन घोड्या घेतल्या. एक गुळगुळीत घासलेली, एक नुसती करवतीनं कापलेली, वळ तसेच असलेली.

“अब्बा, डोळे मिटा.”

“का गं?”

“मिटा म्हणते ना. हं. घासलेली कुठली?”

चाचांनी डावं बोट फिरवलं. या हाडावरून, त्या हाडावरून. पुन्हा या हाडावरून. वेळ गेला. “ही.”

“डोळे उघडा.”

बोट करवतीच्या वळांवर होतं.

“एकदा परत,” ती म्हणाली. परत केलं, परत चुकलं. रस्त्यावरून कुणी तरी सतार घेऊन चाललं होतं, तिच्या तरफा, म्हणजे खालच्या बारीक तारा, आपोआप किणकिणत होत्या. शमानं दोन्ही घोड्या परत टोपलीत टाकल्या.

“कधीपासून?”

“रमजानच्या आधीपासून.”

“आणि पेढे वाटत सुटलात!”

“ते सतराचे वाटले, बेटा. हाताचे नाही वाटले.” मग चाचा हळूच म्हणाले, “पाय गेला तर काठी घेईन. मान गेली तर पट्टा बांधीन. पण हे बोट गेलं तर मी दुकानात बसून काय करू? गिऱ्हाइकांना चहा पाजू?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मगदूम बाईंसमोर जाऊन शाळकरी पोरासारखी मान खाली घातली. “बाई, मी कॉपी केली.”

बाई आधी चिडल्या, मग बटणांच्या रियाजाची हकीगत ऐकून इतक्या हसल्या की बाहेरचे पेशंट डोकावून गेले. हसून झाल्यावर त्यांनी तुमच्याकडं हरकत नोंदवायला घेतली. हरकतीची कारणं तुम्ही ठरवून दिलेली आहेत. वीज गेली होती. पेशंट गैरहजर होता. चुकीच्या माणसाची चाचणी झाली. ‘पेशंट स्वाभिमानी होता’ असं कारण त्यात नाही. बाईंनी फोन लावला. तुमच्या फोनवर एक गोड आवाज सांगतो की आपला निर्णय झालेला आहे. तीन वेळा सांगितलं.

उरला एकच रस्ता. यंत्राच्या विरोधात जाऊन सर्जन स्वतःच्या सहीवर ऑपरेशन करू शकतो. नंतर सुनावणीला उभं राहायचं. चूक ठरली तर पाच वर्षं ऑपरेशनच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

चाचा उठले. “नको बाई. माझ्या एका बोटापायी तुमचे दोन्ही हात कशाला घालवायचे?”

“बसा खाली. तुम्हाला काय वाटतं, मी उपकार करतेय? माझे चौतीस पेशंट तुमच्यासारखे सौम्य आहेत. त्यातले दोघं आता अंथरुणावरून उठत नाहीत. यंत्राच्या कागदावर ते अजून सौम्यच आहेत. कधीतरी मला भांडायचंच होतं. तुमच्यासारखा कॉपीबहाद्दर साक्षीदार परत मिळायचा नाही.”

ऑपरेशन कसं करणार ते बाईंनी कागदावर काढून दाखवलं. कमानी काढून टाकायच्या नाहीत. प्रत्येक कमान एका बाजूनं पुरती कापायची, दुसऱ्या बाजूनं अर्धवट कोरायची आणि दारासारखी उघडायची. उघडलेलं दार मिटू नये म्हणून धातूची छोटी पट्टी बसवायची. बोगदा रुंद होतो, रज्जू मोकळा श्वास घेतो.

“म्हणजे बिजागरी!” चाचांना कारागिरी पटली. “भोपळा फोडायचा नाही, दार करायचं. कोरताना कुठली कानस घेणार?”

“हिऱ्याची. आणि तुम्हाला जागं ठेवणार.”

जागं ठेवायचं कारण एक नवी पट्टी. कांद्याच्या सालीहून पातळ. ती रज्जूच्या वेष्टनावर अलगद ठेवतात. मनगटाच्या नसेला विजेची बारीक गुदगुली केली की तिचा संदेश हातातून मानेत येतो, आणि पट्टी तो टिपते. संदेश किती वेगानं आला, किती जोरात आला, त्याचे आकडे तिला जोडलेलं यंत्र काढतं. सर्जनला आकडे बघायला मान वर करावी लागू नये म्हणून त्या संदेशाचा आवाजही करून ऐकवतं. मोकळ्या रज्जूचा एक आवाज, दबलेल्याचा दुसरा. नव्वद टक्क्यांवर गेलं की यंत्र म्हणतं, पुरे. पुरती भूल दिली तर तो संदेशच मंदावतो, म्हणून मान तेवढी बधिर करायची, माणूस जागा ठेवायचा आणि मधे मधे बोटं हलवायला सांगायची.

ऑपरेशनच्या दिवशी चाचा पालथे, डोकं चौकटीत घट्ट बसवलेलं, डोळ्यांसमोर फक्त फरशी. पहिल्यांदा आवाज सुरू झाला तेव्हा खोलीतल्या बाकीच्यांना तो नेहमीसारखाच वाटला. टप्, टप्, टप्. ओल्या मातीवर काठी आपटल्यासारखा.

“हा मी आहे?” चाचांनी फरशीला विचारलं.

“हो. उजवा हात आधी, मग डावा. आलटून पालटून.”

“फारच बंद आहे हो मी.”

दोन तास गेले. एकेक दार उघडलं. टप् चं टन् झालं, टन् ची शेपटी लांबली. उजव्या हाताच्या आवाजातून बारीक बारीक लाटा सुटायला लागल्या. मग यंत्र बोललं, “त्र्याण्णव टक्के. दाब दूर झाला आहे. थांबावे.” बाईंनी धातूच्या पट्ट्या बसवायला घेतल्या.

“बाई, थांबू नका.”

“चाचा, बोलू नका. मान हलेल.”

“मान तुम्ही ठोकून ठेवलीय, ती काय हलतेय? ऐका. उजव्याची जवारी उघडली. डाव्याची नाही. डावा सुरात आहे, जोरातही आहे, पण त्याच्या पोटातनं काही सुटत नाहीये. कुठंतरी तार टेकलीय.”

भूल देणारे डॉक्टर म्हणाले, “आकडे उत्तम आहेत.”

“आकडे दोन्ही हातांची सरासरी असतात,” बाई म्हणाल्या. त्या थबकल्या. त्यांनी दोन्ही आवाज वेगळे करून ऐकले. एकदा. दोनदा. “मला फरक कळत नाहीये, चाचा. तुमची खात्री आहे?”

“बाई, या एका फरकावर माझं घर चाललंय.”

यंत्रानं थांबा म्हटलेलं. खोलीत त्याची नोंद झालेली. पुढं जे कापलं जाईल ते बाईंच्या माथी. त्यांनी दुर्बीण डावीकडं, वर, तिसऱ्या मणक्याच्या कडेखाली वळवली. तिथं, उघडलेल्या दाराच्या आडोशाला, कडक झालेल्या बंधाची एक घडी रज्जूला टेकून बसली होती. तांदळाच्या दाण्याएवढी. त्यांनी ती सोडवली.

टन् मोकळा झाला. डाव्या हाताचा आवाज असा फुटला की कोपऱ्यातली नर्स म्हणाली, “अय्या.”

“हां!” चाचा हसायला लागले. “ही झाली जवारी!”

“हलू नका!”

“हलत नाही, हसतोय.”

“मग हसूसुद्धा नका!” असं ओरडता ओरडता बाई स्वतःच हसत होत्या.

चमत्कार वगैरे झाला नाही. दबलेले धागे सावकाश जागे होतात, तसे झाले. दीड महिना गळ्यात पट्टा. खैरुन म्हणायची, “आत्ता कुठं मान ताठ झाली नवऱ्याची.” पाय आधी सुधारले, चप्पल पायात राहायला लागली. बोटांत मुंग्या आल्या, त्यांचं चाचांनी पाहुण्यांसारखं स्वागत केलं. शमा रोज डोळे मिटायला लावायची. दुसऱ्या महिन्यात चारातली दोन उत्तरं बरोबर. तिसऱ्यात तीन. चौथ्यात तिनं फसवायला दोन्ही घोड्या घासलेल्याच दिल्या. चाचा म्हणाले, “दोन्ही घासलेल्या. डावी तू घासलीस, उजवी मी. तुझा हात अजून जड आहे.” शमा रागावली आणि उठून आत जाऊन रडली.

धारवाडचा तंबोरा त्यांनी डोळे मिटून घासला आणि फोनवर ऐकवला. इंदुमतीबाईंनी तो परत एकदा छेडायला लावला. मग म्हणाल्या, “आता सून इतकं बोलायला लागलीय की मला गप्प बसावं लागणार.”

आणि मग तुमची नोटीस आली. यंत्रानं थांबण्याची सूचना दिल्यानंतर डॉक्टर मगदूम यांनी कोणत्या मान्यताप्राप्त उपकरणाच्या आधारे पुढील शस्त्रक्रिया केली, याचा खुलासा करावा. निकाल लागेपर्यंत त्यांनी एकही ऑपरेशन करू नये.

सुनावणीला पुण्याला बाई गेल्या, शमा गेली, आणि चाचा दोन तंबोरे घेऊन गेले. तुम्ही तिघं टेबलामागं होता. तुमच्यातले अध्यक्ष म्हणाले, “हे काय आणलंय?”

“उपकरण,” चाचा म्हणाले.

त्यांनी सतरंजी मागितली. मिळाली नाही, म्हणून फरशीवर बसले. दोन्ही तंबोरे लावले. शमानं तुमच्याच माणसाच्या मोबाइलवर दोन्हींचा सूर मोजून दाखवला. शंभर टक्के. शंभर टक्के. एका केसाचा फरक नाही.

“साहेब, यातला एक मी मुद्दाम आजारी करून आणलाय,” चाचा म्हणाले. “जवारी बंद केलीय. मशीनला दोन्ही सारखे. आता मी छेडतो. तुम्ही कानानं सांगा, आजारी कुठला.”

त्यांनी एक छेडला. मग दुसरा. पुन्हा पहिला. तुमच्यातल्या डावीकडच्या साहेबांचा हात वर यायला लागला होता. शमानं बघितलं. त्यांना कळलं होतं. मग त्यांनी अध्यक्षांकडं पाहिलं आणि हात खाली घेऊन चष्मा पुसला.

“हा सुनावणीचा विषय नाही,” अध्यक्ष म्हणाले. “निकाल यथावकाश कळवण्यात येईल. हे उचला.”

“उत्तर आल्याशिवाय मी नेत नाही,” चाचा म्हणाले आणि तंबोरे भिंतीला टेकवून, बाईंना आणि लेकीला घेऊन, पायात दोन्ही चपला घालून जिना उतरले. खाली त्यांनी तिघांसाठी मिसळ मागवली आणि बाईंच्या ताटातला रस्साही संपवला.

त्याला आज तीन आठवडे झाले. बाईंच्या ऑपरेशनच्या खोलीला कुलूप आहे. बाहेर तेहतीस माणसं आहेत, सगळी तुमच्या मते सौम्य. तंबोरे तुमच्याच कचेरीत उभे आहेत, तारा चढवलेल्या आहेत, बोट लावायचा अवकाश. तुमच्यातल्या एकाला उत्तर ठाऊक आहे. त्यांनी बोलावं. बाकी दोघांनी डोळे मिटून एकदा ऐकावं.

यातला आजारी कुठला? डावा की उजवा? सांगा.